मंगळवारचे दोन तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांचा कागद दिला आणि बजावलं, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील." दर दोन तासांनी म्हणजे दिवसाकाठी १२ वेळा, त्यातल्या तीन-चार वेळा ऐन रात्री. हे कोण करणार, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं.

चौथ्या महिन्यात एकदा पहाटे तीन वाजता चादर बदलताना मी त्यांचा हात जोरात झटकला. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. मी दुष्ट होते का? चार महिने मी सलग झोपले नव्हते, एवढंच खरं होतं. पण हे कळायला मला फार वेळ लागला.

घरच्या माणसाच्या शुश्रूषेला आपण कर्तव्य म्हणतो, माया म्हणतो, पुण्यही म्हणतो. काम मात्र म्हणत नाही. काम म्हटलं की त्याला सुट्टी असते, बदली माणूस असतो. रुग्णालयात पाळ्या लावून जे काम अनेकजणी करतात, ते घरी एकटी बाई करते. मग थकवा येतो, थकव्यातून चिडचिड, आणि चिडचिडीची लाज वाटते म्हणून आपण कोणाला काही सांगत नाही. न सांगितल्यामुळे मदत येत नाही आणि थकवा वाढतो.

आमच्याकडे नातेवाईक येत, चहा घेत आणि जाताना म्हणत, "काही लागलं तर सांगा हं." मी मान डोलावत असे. एकदा थोरल्या नणंदबाई असंच म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, दर मंगळवारी चार ते सहा आईंजवळ बसाल का?" त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बसेन की! आधी का नाही सांगितलंस?"

तेव्हा उमगलं की मदत मागताना वार, वेळ आणि काम सांगावं लागतं. "जमेल तेव्हा या" म्हटलं की ते कोणालाच जमत नाही. भाच्याकडे औषधं आणणं सोपवलं. परगावच्या दिरांनी रात्रीच्या बाईचा पगार उचलला. मी एक वही केली. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा फोन, कूस कशी बदलायची, चमच्याने भरवताना किती उठवून बसवायचं, सगळं तीत लिहिलं. वहीमुळे माझ्या जागी दुसरं माणूस निर्धास्तपणे बसू शकलं.

दुसरा आधार समदुःखी माणसांचा. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव घेतलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. तिथे रुग्णांप्रमाणेच त्यांच्या घरच्यांचेही स्वमदत गट चालतात. कंपवात, स्मृतिभ्रंश अशा आजारांसाठीही गट आहेत. आपल्या गावात असा गट आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आपला राग तिथे कोणाला धक्कादायक वाटत नाही, हाच मोठा दिलासा.

तिसरा आधार सरकारी सोयींचा. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे. मन फारच खचलं तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो; तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ही सोय रुग्णाइतकीच सांभाळणाऱ्यासाठीही आहे. रुग्णाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर जिल्हा रुग्णालयात दाखल्याची चौकशी करा. अपंगत्वाच्या बहुतेक सवलतींची वाट या दाखल्यावरूनच जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र योजना सरकारने आखायची असते, म्हणून आपल्याकडे सध्या काय मिळतं ते समाजकल्याण कार्यालयात विचारावं.

पहिल्या मंगळवारी मला दोन तास मिळाले. बाजारात जायचं ठरवलं होतं, पण शेजारच्या खोलीत जाऊन मी झोपले. सहा वाजता उठले, आईंचे केस विंचरले. त्या संध्याकाळी माझा हात हलका होता, हे त्यांनाही जाणवलं असावं.

आई पुढे तीन वर्षं होत्या. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. सुरुवातीची पानं माझ्या एकटीच्या अक्षरात आहेत. शेवटच्या पानांवर पाच जणांची अक्षरं आहेत.