शील आधी, ध्यान मागाहून
कल्याण–बदलापूर पट्ट्यातील बौद्ध आचरणाचा आढावा

मनाला शिस्त लावायची म्हटले की आज पहिले नाव ध्यानाचे निघते. महाराष्ट्राच्या बौद्ध परंपरेने मात्र आधी आचरणाची चौकशी केली आहे: घरात कसे बोलता, पोट कशावर भरता, हाताखालच्या माणसाला कसे वागवता? उल्हासनगर कॅम्प नं. ३, अंबरनाथ आणि बदलापूर या गजबजलेल्या, कष्टकऱ्यांच्या पट्ट्यात ही चौकशी आजही जिवंत आहे. म्हणूनच हा आढावा इथून घ्यावासा वाटतो.

या भागाला धम्म नवा नाही. वसईजवळच्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला आणि जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये. या नवव्या लेखात अशोक सांगतो, की आजारपणात, लग्नात, बाळाच्या जन्मावेळी, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे आणि प्राणिमात्रांबाबत संयम. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या सोनाराचे आणि लोहाराचे नाव आहे. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीही हा धम्म हातात हातोडी धरणाऱ्या माणसांचा होता.

उल्हासनगरचा जन्म वेगळ्या वेदनेतून झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या सिंधमधून ही माणसे उठून आली, तिथल्या मीरपूरखासच्या स्तूपातील मातीच्या बुद्धमूर्ती आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पुढे कारखान्यांच्या ओढीने खानदेश, मराठवाडा, विदर्भातून कामगार आले. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा पोहोचली होती. सिंधी दरबार, गुरुद्वारे, मंदिरे आणि बुद्धविहार अशी इथल्या वस्त्यांची आजची वीण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, व्यभिचार करणार नाही, दारू पिणार नाही, अष्टांगिक मार्गाने चालेन, हे त्यांत स्पष्ट आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा गाभाही हाच: एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की धम्माशिवाय गत्यंतर नाही. शिस्त ही खासगी कमाई राहिली नाही, ती शेजाराची गरज झाली. दारूपायी पगाराच्या दिवशी घरात काय होते हे ज्या वस्तीने पाहिले, तिला पंचशीलातील पाचव्या, मद्यत्यागाच्या शीलाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

ही शिस्त टिकते कशी, हे वर्षावासात दिसते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. लोकलच्या गर्दीतून उतरलेली माणसे हातपाय धुऊन सतरंजीवर येऊन बसतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका मेणबत्ती, अगरबत्ती लावतात, त्रिसरण-पंचशील होते आणि मग बौद्धाचार्य एक प्रकरण वाचून उलगडतात. शिलाईकाम करणारी एखादी बाई मध्येच विचारते, “मालकाने खोटं बिल लिहायला सांगितलं तर काय करायचं, सर?” चर्चा तिथे खरी सुरू होते. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे हे याच शिक्षणाचे कडक रूप. मुंडण, चीवर, पहाटे उठणे आणि दुपारी बारानंतर अन्न वर्ज्य. कारखान्यात खाडा पडणार हे ठाऊक असूनही तरुण त्यात बसतात.

ध्यानाची धारा मध्य रेल्वेच्याच, पण कल्याणहून फुटणाऱ्या दुसऱ्या मार्गावर आहे. कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरी, आणि तिथले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र. ते सुरू करणारे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. हे गुरू भिक्खू नव्हते, सरकारी हिशेब खात्यातले बडे अधिकारी होते. गोएंकांनी १९६९ मध्ये भारतात पहिले शिबिर घेतले, तर इगतपुरीचे केंद्र १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिरात साधक आधी शील घेतो, मग मौन पाळतो, पहिले काही दिवस फक्त श्वास पाहतो आणि त्यानंतर अंगावरच्या संवेदना. क्रम महत्त्वाचा आहे. खोटे बोलून, कुणाला दुखवून आलेले मन श्वासावर ठरत नाही.

पश्चिमेत १९७९ पासून जॉन कबाट-झिन यांनी ध्यानातल्या सजगतेचा (माइंडफुलनेसचा) उपयोग रुग्णांचा ताण कमी करण्यासाठी केला आणि अनेकांना त्याने आराम दिला. पुढे कंपन्यांनी, मोबाइल ॲपनी ती उचलली तेव्हा शील बहुधा मागे राहिले. शांत चित्ताने चुकीचे काम करणारा माणूस तथागतांना अभिप्रेत नव्हता. अष्टांगिक मार्गात सम्यक वाणी, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका आधी येतात, सम्यक स्मृती, म्हणजेच सजगता, त्यांच्यानंतर.

बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला केलेला उपदेश या संदर्भात मोलाचा आहे, आणि अशोकाने बैराटच्या लेखात तो आवर्जून वाचायला सांगितला आहे. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहा: यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होणार आहे का? काया-वाचेने चूक झालीच, तर ती गुरूला किंवा जाणत्या सोबत्यांना सांग आणि पुढे स्वतःला आवर. सजगतेचे याहून सोपे आणि याहून कठीण सूत्र मला माहीत नाही.

हे सूत्र वालधुनीच्या काठी लावून पाहायला हवे. मलंगगडाच्या डोंगरातून निघालेली ही नदी अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यातून उल्हासनगरात येते, ती रसायने आणि सांडपाणी घेऊनच. जीन्स रंगवणाऱ्या, धुणाऱ्या युनिटांचे पाणीही वर्षानुवर्षे तिच्यात गेले. २०१४ मध्ये नदीत सोडलेल्या रासायनिक कचऱ्याच्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. विष विकणे पाप, मग ते रात्री गुपचूप नदीत ओतणे काय? आणि ज्या कामगाराच्या हाताने ते ओतले जाते, त्याची चूल त्याच मजुरीवर पेटते. त्याला एकट्याला शील पाळायला सांगणे अन्यायाचे ठरेल.

म्हणूनच या परंपरेचे पुढचे काम मला स्वच्छ दिसते. वर्षावासातली एक संध्याकाळ सम्यक आजीविकेसाठी राखावी. तिला कामगारांनी यावे, कारखानदारांनी यावे, सिंधी शेजाऱ्यांनाही अगत्याने बोलवावे. नदीत काय सोडतो, मजुरी वेळेवर देतो का, मालावर खरे नाव छापतो का, हे राहुलाच्या आरशात सगळ्यांनी मिळून पाहावे. जे चुकते ते मोकळेपणाने सांगावे आणि पुढच्या वर्षावासापर्यंत काय बदलायचे ते ठरवून उठावे. शील घेताना आपण ते तोंडाने सगळ्यांसमोर घेतो, त्याचा हिशेबही सगळ्यांसमोर द्यायला हवा.