टक्केवारीची तीस वर्षं

अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा संसदेने 1995 साली केला. तो 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला तो कळला तो मात्र एका आकड्यातून. 40 टक्के. त्याच्या खाली असाल तर सवलत नाही, वर असाल तर एस.टी.च्या भाड्यापासून नोकरीतल्या राखीव जागेपर्यंत बरंच काही. आकडा ठरवायचा वैद्यकीय मंडळाने, आणि मंडळ ठरलेल्या वारी जिल्ह्याच्या गावी. तज्ज्ञ नसला तर पुढचा वार. परळी, केज, धारूरच्या लोकांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ. आष्टीकरांना तेही लांबच.

या जिल्ह्यात आणखी एक अडचण होती, ती दिल्लीत कुणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. इथे मजुरी मोजली जाते ती कोयत्याने, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. त्यातल्या एकाचा हात गेला की दुसऱ्याचीही मजुरी बुडते. लेकरू मंदबुद्धीचं असेल तर म्हातारीपाशी ठेवायचं, नाहीतर फडावरच्या कोपीत न्यायचं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. योजना चांगली आहे. जन्मजात दोष, बहिरेपण, वाढीतला खोळंबा लवकर सापडावा, हा तिचा गाभा. पण पथक गावात आलं त्या दिवशी मूल सांगली-कोल्हापूरकडे उसात असेल, तर तपासणार कुणाला? आणि दोष सापडला, तरी त्यावरचे उपचार आठवड्याला घ्यायचे असतात. जिल्ह्याच्या गावी दर आठवड्याला जायचं म्हणजे त्या दिवसाचा रोजगार सोडायचा.

2016 चा नवा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल, अध्ययन अक्षमता यादीत आले. नोकरीतलं आरक्षण 3 वरून 4 टक्के झालं. त्यातलं कलम 25 मला सगळ्यात मोलाचं वाटतं. घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा आणि उपचारात प्राधान्य, असं ते सांगतं (मोफतसाठी उत्पन्नाची अट आहे). याच कलमाची चर्चा सगळ्यात कमी झाली. चर्चा झाली ती प्रमाणपत्राची. ते ऑनलाइन झालं, मग देशभर चालणारं वैश्विक ओळखपत्र आलं. त्यात गैर काही नाही. खेटे थोडे कमी झाले, हे मान्यच करायला हवं.

ज्या कागदाला एवढं मोल येतं, त्याची नक्कलही होते. 2022 च्या अखेरीस आणि पुढच्या वर्षी बीड जिल्हा परिषदेने बदलीत सवलत घेतलेल्या शिक्षकांची फेरतपासणी करवली आणि पन्नासहून अधिक शिक्षकांना निलंबित केलं. संताप साहजिक होता. त्याचा भुर्दंड मात्र खऱ्या दिव्यांगांना बसतो. दर फेरतपासणीला त्यांनाही पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

3 डिसेंबर 2022 ला राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. संजय गांधी निराधार योजनेतली रक्कम 2023 मध्ये 1500 रुपये झाली आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2500. केंद्राचं अपंग निवृत्तिवेतन मात्र 300 रुपयांवरच थांबलंय, तेही 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा भार खरोखर हलका केला. पण तिची घडण रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. अर्धांगवायूनंतर महिनोन्महिने घरी लागणारी फिजिओथेरपी, बहिऱ्या मुलाला बोलायला शिकवणं, कुबडीची दुरुस्ती तिच्यात बसत नाही.

थोडक्यात, तीस वर्षांत सरकार अपंगत्व मोजायला शिकलं. उपचार गावाजवळ न्यायचं काम राहून गेलं. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तुमच्या गावात तो गेल्या वर्षी कशावर गेला, हे येत्या ग्रामसभेत विचारा. आणि सभा शक्यतो ऊसतोडीची माणसं गावात असताना घ्यायला लावा.