दुर्मीळ धोका आणि रुग्णाची संमती

दुर्बिणीने जठराची किंवा पित्तनलिकेची तपासणी आता अपूर्वाईची राहिलेली नाही. तथापि क्वचित एखाद्या रुग्णाचा अर्धा चेहरा तपासणीनंतर लुळा पडलेला आढळतो. पापणी मिटत नाही; चूळ भरताना पाणी ओठांतून गळते. असे रुग्ण इतके थोडे की, वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची नोंद एकेक करूनच होते.

कारण गूढ नाही. चेहऱ्याचे स्नायू हलविणारी नस कानाखालून कवटीबाहेर येते. गुंगीत जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून सहायक जबड्याच्या कोनामागे बोटे लावून तो पुढे रेटून धरतो. हा दाब लांबला तर नस दुखावू शकते. बहुधा ती तुटलेली नसते. काही आठवड्यांत वा महिन्यांत चेहरा पूर्ववत होतो. तोवर डोळा जपावा लागतो, आणि हा मेंदूतील झटका नव्हे याची तातडीने खात्री करून घ्यावी लागते.

मग एवढ्या विरळ गोष्टीची चर्चा कशासाठी? अर्थशास्त्र सरासरीत बोलते. रुग्ण मात्र सरासरी नसतो. वैद्यकसेवेत देणाऱ्याला घेणाऱ्याहून कितीतरी अधिक ठाऊक असते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले. ही विषमता कमी करण्याचे एक साधन म्हणजे संमतीपत्र होय.

समीरा कोहली खटल्यात २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, दुर्बिणीद्वारे निदानासाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही, असे बजावले. पण रुग्णाला घाबरवणारे दूरचे धोके सांगण्याची गरज नाही, असेही म्हटले. उलट ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली, चौदा हजारांत एक एवढाच धोका न सांगणाऱ्या शल्यविशारदास दोषी धरले. कारण रुग्णेने आपल्या डोळ्याविषयी पुनःपुन्हा विचारले होते.

प्रत्येक धोक्याची जंत्री कोणालाच नको. परंतु ‘घरी गेल्यावर चेहरा वाकडा वाटला, तर तत्काळ परत या’ हे वाक्य मराठीत छापण्यास खर्च तो किती? संमतीपत्र गुंगीच्या सुईआधी घाईने नव्हे, आदल्या दिवशी हाती पडावे. आणि रुग्णाने विचारलेल्या प्रश्नाला, धोका कितीही दुर्मीळ असो, सरळ उत्तर मिळावे. एवढ्याने विश्वास घटणार नाही, वाढेलच.