तळाशी बर्फ, वर कोमट: थर्मोस्टॅटला दोष देऊ नका

गाडीतल्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये तळाची कोथिंबीर गोठून काळी पडते आणि वरचं दही आंबतं. अशा वेळी बहुतेक जण तापमान आणखी २ अंश खाली आणतात. त्याने दही कदाचित वाचेल, पण तळाची काकडी नक्की काचेसारखी होईल. खरी अडचण थंडाव्याची नाही, तो पसरण्याची आहे. ० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२९ किलो, १० अंशाला १.२५ किलो. म्हणजे गार हवा जड, ती खाली बसते आणि पेटीसारख्या फ्रिजमध्ये तिथेच राहते. त्यात बऱ्याच मॉडेलमध्ये कॉम्प्रेसरवरच्या पायरीच्या कप्प्याभोवती गार नळ्या नसतातच, आणि सेन्सर मोजतो फक्त स्वतःजवळचं तापमान.

म्हणून उपाय एकच: आतली हवा हलवा. तळाच्या कोपऱ्यात वर तोंड करून छोटा पंखा बसवा, त्याच्यासमोर आणि भिंतींलगत बोटभर फट सोडा. (गच्च भरलेल्या फ्रिजात पंखा शोभेपुरताच.)

पंखा बॅटरी खाईल, उष्णताही सोडेल, हा आक्षेप खरा आहे. पण हिशेब करा. १ वॉटचा पंखा दिवसभरात २४ वॉट-तास घेतो, १२ व्होल्टवर २ अँपिअर-तास. उलट सेटिंग उगाच खाली ठेवलं, की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. खात्री हवी तर दोन स्वस्त थर्मामीटर घ्या, एक तळाशी, एक जाळीच्या टोपलीत वर, आणि रात्रभरानंतर दोन्ही आकडे वाचा.