‘आय विल बी टू हॅपी’ म्हणण्यात नेमकं काय चुकतं?

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर शहापूर लागतं. समजा, इथे इंजिनीअरिंग शिकणारी, मराठी शाळेतून आलेली एक विद्यार्थिनी कॅम्पस मुलाखतीला बसली आहे. नोकरी मिळाली तर कसं वाटेल, या प्रश्नावर ती म्हणते, ‘आय विल बी टू हॅपी.’ तिला म्हणायचंय ‘खूप आनंद होईल’. वाक्याचा अर्थ मात्र ‘नको इतका आनंद होईल’ असा निघतो. पुढे ती सांगते, ‘आय वर्क हार्डली.’ इथे खरी पंचाईत होते, कारण ‘हार्डली’ म्हणजे मेहनतीने नव्हे, तर ‘जवळजवळ नाहीच’. मेहनतीसाठी ‘आय वर्क हार्ड’ एवढंच पुरतं.

व्हेरी, टू, क्वाइट, एनफ, हार्डली हे शब्द ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर देतात. इंग्रजीत त्यांना ‘ॲडव्हर्ब्ज ऑफ डिग्री’ म्हणतात. मराठी व्याकरणातली परिमाणवाचक क्रियाविशेषणं साधारण हेच काम करतात.

गोंधळाचं मूळ आपल्या ‘खूप’ आणि ‘फार’मध्ये आहे. ‘चहा फार गोड झालाय’ ही तक्रार असते, ‘मुलगी फार गोड आहे’ हे कौतुक. शब्द तोच, बाकीचं काम सूर आणि संदर्भ करतात. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘व्हेरी’ नुसतं प्रमाण सांगतो, ‘टू’ मर्यादा ओलांडल्याचं सांगतो. मे महिन्यात भंडाऱ्यात ‘इट्स व्हेरी हॉट’ म्हटलं तर ऊन कडक आहे एवढंच कळतं. ‘इट्स टू हॉट’ म्हटलं की ऐकणारा समजतो, आता बाहेर जाणं रद्द.

गंमत म्हणजे हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे आणि ‘रिमूव्ह टू’ हा प्रश्न बोर्डाच्या मुलांना पाठ असतो. ‘ही इज टू वीक टू वॉक’चं ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ होतं. या दुसऱ्या वाक्यातला ‘कॅनॉट’ आला कुठून? तो ‘टू’च्या पोटात लपलेला होता. प्रश्न दोन मार्कांत सुटतो, पण हा नकार कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून तो बोलताना आठवत नाही.

अपवादही आहेत. गप्पांमध्ये ‘पिक्चर टू गुड होता’ सर्रास चालतं. ‘ओन्ली टू हॅपी टू हेल्प’ म्हणजे तर ‘अगदी आनंदाने मदत करेन’. पण अर्जात किंवा मुलाखतीत ‘व्हेरी हॅपी’च बरं.

‘खूप’ आणखी एका ठिकाणी अडवतो. मराठीत तो क्रियापदालाही चिकटतो : ‘मला भात खूप आवडतो’. ‘व्हेरी’ला ते जमत नाही. ‘आय व्हेरी लाइक राइस’ चूक, ‘आय लाइक राइस व्हेरी मच’ बरोबर. तुलना असेल तर ‘व्हेरी बेटर’ नाही, ‘मच बेटर’.

‘एनफ’ची जागाही बदलती आहे. नामाच्या आधी तो येतो : ‘एनफ राइस’, म्हणजे पुरेसा तांदूळ. विशेषणाच्या मात्र मागे जातो. ‘पुरेसं मोठं’ हे ‘एनफ बिग’ नसून ‘बिग एनफ’ असतं.