बॅटरी डाऊन, मूड डाऊन!

पहाटेचे तीन. भंडारदऱ्याला आर्थर लेकच्या काठी आमची कॅराव्हॅन उभी. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, बाहेर झाडांवर काजव्यांचं लायटिंग फुल्ल ऑन. आणि आत? पंखा हळूहळू थांबला, दिवे विझले, फ्रीजची घरघर बंद. अंधारातून आईचा आवाज आला, "अरे, माझी इन्सुलिनची पेनं आहेत ना त्यात?"

इंजिनाची बॅटरी वेगळी होती, म्हणून गाडी तरी सुरू झाली. दहा मिनिटं इंजिन चालवलं की फ्रीज घुरघुरायचा, बंद केलं की पुन्हा ठप्प. त्यात काजवे बघायला आलेल्या मंडळींच्या शिव्या फुकट! शेवटी आईनेच पेनं स्टीलच्या डब्यात घालून डब्याला ओला नॅपकिन गुंडाळला आणि सकाळपर्यंत तो दर तासाला भिजवत बसली. वापरातलं पेन काही दिवस बाहेर चालतं, पण दोन नवी, न उघडलेली होती. नाशिकला परतल्यावर डॉक्टर म्हणाले, रिस्क नको, ती बदला. म्हणजे वीकएंडचं बिल औषधाच्या दुकानातही भरलं.

चूक माझीच. जुनी सतरा सीटर घेऊन सातपूरच्या गॅरेजमध्ये तिचं घर बनवून घेताना मी पडद्यांचा रंग ठरवायला तीन रविवार घालवले आणि बॅटरी पाच मिनिटांत घेतली. "शंभर एएचची द्या." दुकानदाराने ट्रकची दिली. शंभर म्हणजे शंभर, नाही का?

स्प्रिंटर आणि मॅरेथॉन

नाही! हे मला द्वारकाजवळच्या एका बॅटरीवाल्या काकांनी समजावलं. गाडी स्टार्ट करायची बॅटरी म्हणजे स्प्रिंटर. आतल्या प्लेट्स पातळ, चार-पाच सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचा. तिला रात्रभर फ्रीज चालवायला लावलं की थोड्याच वेळा रिकामी होऊन ती मान टाकते. गाडीतल्या घराला हवी डीप सायकल बॅटरी, जाड प्लेट्सची. आणि तीसुद्धा लेड ॲसिडची असेल तर निम्म्याखाली उतरवायची नाही. म्हणजे डब्यावर छापलेले शंभर हे हातात पन्नासच. पगाराच्या सीटीसीसारखं आहे हे, इन हँड वेगळंच असतं!

मग काकांनी कागद-पेन पुढे केलं. आधी खर्च लिहा, मग बॅटरी विचारा. आमचा हिशेब असा निघाला: बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॉट खातो, पण दिवसातला निम्मा वेळच चालतो, म्हणजे २४ तासांत ४५ एएच. पंखा रात्रभर ८, एलईडी दिवे ८, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून १०. एकूण ७१. आणि मी निघालो होतो पन्नासच्या जिवावर! त्यातही ती पन्नास नव्हतीच, कारण गाडी त्याआधी तीन आठवडे सोसायटीत उभी होती आणि म्युझिक सिस्टीम गुपचूप थोडा थोडा करंट पीत होती. नाशिक ते भंडारदरा, घोटीमार्गे जेमतेम दोन तास. तेवढ्यात अर्धी रिकामी बॅटरी काय भरणार?

खरा घोटाळा इथेच आहे, आणि आपल्यासारख्या सोमवार ते शुक्रवार ऑफिसवाल्यांचाच तो आहे. बॅटरी वापरून जितकी मरते, त्याहून जास्त अर्धी रिकामी पडून मरते. लेड ॲसिड उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे खडे धरतात, घट्ट होतात, आणि मग कितीही चार्ज करा, ती पूर्वीइतकी भरतच नाही. माझी तशीच झाली होती.

ट्रिपहून आलात की बॅग उपसण्याआधी चार्जर लावा. मग काही तास गाडी शांत उभी ठेवून मल्टिमीटरने बघा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे धोका. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, घरच्या आरओचं नाही. आणि ते चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंत. लोडशेडिंगच्या दिवसांत आमचे बाबा इन्व्हर्टरला हे सगळं भक्तिभावाने करायचे आणि मी हसायचो. टर्मिनलवर पांढरी पूड दिसली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडं करून व्हॅसलिन.

मग घरातलीच १५० एएचची ट्यूब्युलर उचलून गाडीत का नको? वजन साठ किलोच्या आसपास, घाटात ॲसिड हिंदकळणार, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बंद गाडीत झोपणाऱ्यांच्या उशाशी. नकोच. लेडच घ्यायची तर सीलबंद एजीएम, पण आमच्या हिशेबाला त्या दोन लागल्या असत्या.

मी शेवटी लिथियम घेतली. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, १०० एएच, वजन बारा किलोच्या घरात. तिच्यातले ऐंशी बिनधास्त वापरता येतात आणि दोन-अडीच हजार सायकल हे तिला सहज जमतं. महाग आहे, खोटं कशाला बोलू? शिवाय जुना चार्जर चालत नाही, आणि अल्टरनेटरवर ताण येऊ नये म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवावा लागला. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, हा खर्च कधीच वाचवू नका. छतावर १०० वॉटचं सोलर पॅनल आहे, स्वच्छ उन्हात दिवसाला तीसेक एएच देतं. पावसाळ्यात इगतपुरीला मात्र ते शोपीस!

गंमत म्हणजे लिथियमचे लाड नेमके उलटे. लेड पूर्ण भरून ठेवायची, तर ही महिनाभर वापरायची नसेल तेव्हा निम्म्यावर ठेवलेली बरी. उकाडा मात्र दोघींनाही सोसत नाही. नाशिकचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीला टेकला की बंद गाडी भट्टी होते, म्हणून आमची बॅटरी इंजिनापासून लांब, मागच्या सीटखाली आहे आणि गाडी सावलीत. हिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळे मल्टिमीटर फसवतो. त्यासाठी टक्केवारी दाखवणारा मीटर वेगळा बसवला. जुनी बॅटरी दुकानातच परत दिली, शिशाचे पैसे मिळतात आणि ते ॲसिड कुणाच्या नाल्यात जात नाही.

गेल्या शुक्रवारी पुन्हा निघालो. आई पेनं हातात घेऊन गाडीच्या दारात उभी.

"किती दाखवतंय?"

"सत्त्याण्णव टक्के."

"मग ठेव आत," ती म्हणाली. नॅपकिन आणि स्टीलचा डबा मात्र तिच्या पिशवीत होताच.