काळेपणा किती आतवर?

कडकनाथ कोंबडी पहिल्यांदा कापताना पाहणारा दचकतोच. तुरा, कातडी, जीभ काळी असतेच, पण मांसही काळपट आणि हाडांवरचं आवरणसुद्धा! रक्त मात्र लालच. अंडंही फिकट बदामी, त्यामुळे ‘काळं अंडं’ विकणारा भेटला तर पाकीट खिशातच ठेवावं.

हे होतं कसं? रंग बनवणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून कातडी-पिसांकडे निघतात. त्यांना बोलावणारा निरोप एक जनुक पाठवतं. कडकनाथमध्ये ते जनुक असलेला गुणसूत्राचा भाग दुप्पट झालाय. आमंत्रणं दुप्पट छापली की पाहुणे मांडवात न थांबता माजघरात शिरतात, तसंच हे. चीनच्या सिल्की कोंबडीतही हाच बदल सापडतो.

खरी पंचाईत पुढे आहे. काळेपणाचा हा गुण प्रभावी असल्याने गावठी कोंबडीशी संकर झाला तरी पिल्लं बरीचशी काळीच दिसतात. रंग टिकतो आणि वाण हातातून निसटतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन काही खुराड्याचं दार लावत नाही. ते पाळणाऱ्यालाच लावावं लागतं. शुद्ध कळप वेगळा ठेवायचा, पिल्लांना खुणेचे बिल्ले लावायचे, आईबापांची नोंद ठेवायची. नात्यातच पैदास होऊ नये म्हणून अधूनमधून दुसऱ्या शुद्ध कळपातला कोंबडा आणायचा. त्यात ही कोंबडी खुडूक क्वचितच बसते. म्हणून अंडी गावठी कोंबडीखाली किंवा यंत्रात 21 दिवस उबवावी लागतात.